सुया वाटणाऱ्याला हाकलू नका

हा लेख बऱ्याच जणांना आवडणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना तर नक्कीच नाही, कारण ह्याच विषयावरून परवा कॅन्टीनमध्ये आमचं चांगलंच वाजलं. झालंय असं, की एका स्टेशनाजवळच्या पुलाखाली इंजेक्शनने नशा करणारी काही पोरं बसतात. एका संस्थेचे कार्यकर्ते तिथे जाऊन त्यांना नव्याकोऱ्या सिरिंजा देतात. फुकट! आणि वापरलेल्या सुया गोळा करून घेऊन जातात. आता आजूबाजूच्या सोसायट्यांनी वॉर्ड ऑफिसला निवेदन द्यायचं ठरवलंय, की हा 'नशेला खतपाणी घालणारा' प्रकार ताबडतोब बंद करा. निवेदन व्हॉट्सॅपवर फिरत फिरत माझ्याकडेही आलं. इंग्रजी झकास आहे, मुद्दे व्यवस्थित नंबर घालून लिहिलेत, आणि झाडून सगळे मुद्दे चुकीचे आहेत.

जेवणाच्या सुट्टीत माझं म्हणणं धड मांडता आलं नाही (समोरचा बोलूच देत नव्हता), म्हणून शनिवार सत्कारणी लावतोय.

माझं म्हणणं थोडक्यात असं: रस्त्यावर, बागेत, रुळांच्या कडेला सुया पडलेल्या नको असतील, तर सुया वाटणाऱ्या माणसाला हाकलू नका. तो गेला की सुया वाढतील. नशा करणारी पोरं तिथेच किंवा दोन गल्ल्या सोडून बसतील, फक्त त्यांच्याशी बोलणारं आणि त्यांच्या सुया उचलणारं कोणी उरणार नाही.

आधी हे काम नेमकं असतं काय ते बघू, कारण निवेदन लिहिणाऱ्यांना ते माहीत असल्याचं दिसत नाही. ह्याला नीडल-सिरिंज एक्स्चेंज म्हणतात. कुणा चार हौशी लोकांनी काढलेलं हे खूळ नाही. केंद्र सरकारची नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, राज्यांच्या एड्स नियंत्रण संस्थांमार्फत ह्या कामाला पैसे पुरवते. २००७ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा तिसरा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून हे काम देशभर मोठ्या प्रमाणावर चालू झालं. मुंबईत संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टसारखी संस्था तर त्याच्याही आधीपासून, १९९० च्या दशकापासून, रस्त्यावर राहून नशा करणाऱ्यांमध्ये काम करते आहे.

पद्धत अशी. आउटरीच वर्कर असतो आणि त्याच्याबरोबर पीअर एज्युकेटर असतो. पीअर एज्युकेटर म्हणजे बहुतेक वेळा स्वतः ह्या सगळ्यातून गेलेला माणूस. कुठल्या भिंतीमागे कोण बसतं, कुणाला कधी गरज लागते, पोलिसांची गाडी किती वाजता फेरी मारते, हे त्याला पाठ असतं. ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी ही मंडळी जातात. पिशवीत नव्या सिरिंजा आणि सुया, स्पिरिटचे बोळे, मलमपट्टीचं सामान. हातात जाड हातमोजे, लांब चिमटा आणि एक टणक प्लॅस्टिकचा डबा, ज्यातून सुई आरपार येऊ शकत नाही. वापरलेल्या सुया ज्याच्या त्याला स्वतःच्या हाताने डब्यात टाकायला सांगतात. आजूबाजूला पडलेल्या चिमट्याने उचलतात. कुणाच्या हातावर गळू झालंय, कुणाला ताप आहे, कुणाची तपासणी बाकी आहे, ते बघतात. मग डबा ड्रॉप-इन सेंटरवर येतो. तिथे सुया हायपोक्लोराइटच्या, म्हणजे आपल्या ब्लीचच्याच, पाण्यात बुडवून निर्जंतुक करतात, हब कटरने कापतात आणि जैववैद्यकीय कचरा नेणाऱ्या यंत्रणेकडे देतात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी धारदार वस्तूंसाठी पांढरा, न फुटणारा, न गळणारा डबा ठरवून दिलाय. हॉस्पिटलात तुम्ही जो बघता, तोच.

कापायची भानगड कशाला, असं वाटत असेल तर २००९ साली गुजरातमध्ये मोडासा भागात काय झालं ते आठवा. हेपटायटिस बी ची साथ आली, डझनावारी माणसं मेली, आणि तपासात वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्या जात असल्याचं बाहेर आलं. न कापलेली सिरिंज भंगारात गेली, की ती धुऊन पुसून पुन्हा कुणाच्या तरी दंडात जाऊ शकते. म्हणजे सुई गोळा करणं जितकं महत्त्वाचं, तितकंच तिचा कायमचा निकाल लावणं महत्त्वाचं. ही सगळी साखळी, सुई देण्यापासून ती नष्ट होईपर्यंत, एकच संस्था सांभाळते. आणि आपण तिला हाकलायला निघालोय.

आता मूळ प्रश्न. सुया रस्त्यावर पडतातच का? निवेदनात उत्तर तयार आहे: 'कारण हे लोक बेजबाबदार आहेत.' आम्ही कंपनीत एखादा बग 'युजरची चूक' असा शेरा मारून बंद केला तर मॅनेजर दोन मिनिटांत परत उघडून अंगावर फेकतो. शंभर युजर एकाच जागी तीच चूक करत असतील तर दोष स्क्रीनमध्ये शोधायचा असतो, हे आपल्याला कामाच्या पहिल्या वर्षी शिकवतात. संध्याकाळी सोसायटीच्या गेटातून आत शिरताना ते कुठे जातं कुणास ठाऊक.

तर स्क्रीन बघू. एनडीपीएस कायदा १९८५ चा आहे आणि त्याच्या २७ व्या कलमाखाली अमली पदार्थाचं नुसतं सेवनसुद्धा गुन्हा आहे. आता तुम्ही त्या पोराच्या जागी उभे राहा. सुई वापरून झाली. ती खिशात ठेवून योग्य जागी टाकायला निघालात आणि वाटेत हवालदाराने झडती घेतली, तर खिशातली सुई म्हणजे पुरावा. जिथे टोचली तिथेच टाकून निघून गेलात तर खिसा रिकामा. काय कराल? कुणीही शहाणा माणूस तेच करेल जे तो करतो. पोलीस जितके जास्त धाडी घालतील, तितक्या घाईने टोचलं जाईल आणि तितक्या सुया जागेवर पडतील. म्हणजे सोसायटीच्या तक्रारीवरून पोलीस बंदोबस्त वाढला, की सोसायटीच्याच भिंतीबाहेर सुया वाढणार. सुई टाकायला सुरक्षित जागा आणि ती घेणारा विश्वासाचा माणूस, ह्या दोन गोष्टी असल्याशिवाय हे चक्र तुटत नाही.

हा नुसता तर्क नाही, मोजून बघितलेलं आहे. अमेरिकेत संशोधकांनी दोन शहरांची तुलना केली. सॅन फ्रान्सिस्कोत सुया बदलून देणारी केंद्रं वर्षानुवर्षं चालू होती, मायामीत ती कायद्याने बंद होती. दोन्हीकडे रस्त्यांवर फिरून पडलेल्या सिरिंजा मोजल्या. २०१२ साली निकाल छापून आला: जिथे सुया फुकट मिळत होत्या त्याच्या आठपट सिरिंजा मायामीच्या, म्हणजे जिथे मिळत नव्हत्या त्या शहराच्या, रस्त्यांवर पडलेल्या होत्या. पुढे २०१६ मध्ये फ्लॉरिडाने कायदा बदलला, मायामीत केंद्र सुरू झालं, आणि परत मोजणी केली तर रस्त्यावरच्या सिरिंजा जवळजवळ निम्म्याने कमी झाल्या होत्या. वाटप सुरू केल्यावर कचरा कमी झाला! आपल्या निवेदनात ह्याच्या बरोबर उलटं लिहिलंय.

आता सुया मिळेनाशा झाल्या की काय होतं? ह्याची उत्तरं जगाने फार मोठी किंमत मोजून मिळवलेली आहेत.

'ट्रेनस्पॉटिंग' सिनेमा तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बघितला असेल. तो ज्या एडिनबरा शहरात घडतो, तिथे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हेरॉइन धो-धो आलं. पोलिसांनी आणि प्रशासनाने ठरवलं, की सिरिंजाच मिळू द्यायच्या नाहीत. सर्जिकल सामानाच्या दुकानदारावर दबाव आणून विक्री थांबवली, ज्याच्याकडे सिरिंज सापडेल त्याची जप्त करायला लागले. नशा थांबली का? छे. एकेक सिरिंज डझनभर लोकांत फिरायला लागली. तिथल्याच एका दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नशा करणाऱ्या १६४ पेशंटांचं रक्त तपासून १९८६ मध्ये निबंध छापला: ५१ टक्के लोकांना एचआयव्ही. तासाभराच्या अंतरावरच्या ग्लासगोत हेरॉइन तितकंच होतं, पण तिथलं प्रमाण कितीतरी कमी राहिलं.

स्कॉटलंड लांब आहे म्हणाल, तर मणिपूर घ्या. म्यानमारच्या सीमेवरून येणारं हेरॉइन तिथे स्वस्त आणि भरपूर. सप्टेंबर १९८९ पर्यंत तपासलेल्या इंजेक्शन घेणाऱ्यांत एकही एचआयव्हीबाधित नव्हता. शून्य. त्यानंतर सहा महिन्यांत हे प्रमाण ५० टक्क्यांवर गेलं. परत वाचा. सहा महिन्यांत निम्मे. तेव्हा तिथे ना पुरेशा सुया होत्या, ना त्यांच्याशी बोलायला कोणी जात होतं. १९९५ च्या सुमारास चुराचांदपूरमध्ये शालोम नावाच्या संस्थेने सुया बदलून द्यायचं काम सुरू केलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. २००० साली छापून आलेल्या एका अभ्यासात ह्या बाधित पुरुषांच्या बायकांची तपासणी केली होती. सुमारे ४५ टक्के बायकांना लागण झालेली होती. त्यांच्यातल्या जवळजवळ कुणीही आयुष्यात कधी नशेची सुई टोचून घेतली नव्हती. 'त्यांचं ते बघतील, आपल्याला काय' म्हणणाऱ्यांनी ह्या बायकांचा विचार करावा. रोग पुलाखालीच बसून राहील अशी कुठलीही सोय नाही.

तिसरं उदाहरण मला मुद्दाम द्यायचंय, कारण त्यातला माणूस काही डाव्या विचारांचा झोळीवाला नव्हता. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या स्कॉट काउंटीत, जेमतेम काही हजार वस्तीच्या एका गावात, २०१५ मध्ये वेदनाशामक गोळ्या विरघळवून टोचून घेणाऱ्यांत एचआयव्ही पसरला आणि बाधितांचा आकडा दोनशेच्या वर गेला. राज्याचे गव्हर्नर होते माइक पेन्स, हेच पुढे ट्रम्पचे उपाध्यक्ष झाले. त्यांचा सुया वाटण्याला तत्त्वतः विरोध होता. मार्च २०१५ मध्ये त्यांनीच आणीबाणी जाहीर करून सुया वाटायला परवानगी दिली. आकडे समोर आल्यावर त्यांनी तत्त्व बाजूला ठेवलं. आपल्याकडे आकडे आधीच आहेत. २०२१ च्या पाहणीत भारतात इंजेक्शनने नशा करणाऱ्यांत एचआयव्हीचं प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास निघालं. सर्वसाधारण प्रौढ लोकसंख्येत ते ०.२ टक्क्याच्या आसपास आहे. चाळीस पटींहून जास्त फरक. आणि एम्सने केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात अशी माणसं आहेत सुमारे साडेआठ लाख.

आता कॅन्टीनमधले आक्षेप एकेक करून घेऊ.

एक. 'फुकट सुया मिळाल्या की नवीन पोरं व्यसनी होतील.' मला सांगा, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सिरिंज काही रुपयांना मिळते. गेल्या दहा वर्षांत ती स्वस्त आहे म्हणून तुमच्यापैकी किती जणांनी हेरॉइन सुरू केलं? :) नशेत महाग असतो तो माल. सुईच्या किमतीवर व्यसन ठरत नाही. सुरुवात बहुतेक वेळा पन्नीवर गर्द ओढण्यापासून होते, मग तेवढ्याच पैशात जास्त किक हवी म्हणून माणूस सुईकडे वळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये तोवरच्या सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला. सुया वाटल्याने एचआयव्ही कमी होतो हे ठामपणे सांगितलं, आणि त्यामुळे नशा वाढल्याचा पटण्यासारखा पुरावा मिळत नाही, हेही.

दोन. 'आमच्या टॅक्सच्या पैशातून का?' बरं, हिशोबच करू. आपल्याकडे एप्रिल २००४ पासून एचआयव्हीची औषधं सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात, आणि ती मिळायलाच हवीत. पण ही औषधं जन्मभर, रोज घ्यायची असतात. शिवाय तपासण्या, शिवाय क्षयरोगासारखे सोबत येणारे आजार. एका बाजूला काही रुपयांची सिरिंज, दुसऱ्या बाजूला तीस-चाळीस वर्षांचा उपचार. टॅक्सच्या पैशाची एवढी काळजी असलेल्या माणसाने तर सिरिंजांचा खोका स्वतः डोक्यावर घेऊन निघायला हवं.

तीन. 'सुया कशाला, सरळ उचलून व्यसनमुक्ती केंद्रात टाका.' हा आक्षेप सगळ्यात भाबडा आहे, म्हणून त्याच्यावर जरा थांबतो. आपण मराठी मध्यमवर्गीयांच्या मनात व्यसनमुक्ती म्हटलं की मुक्तांगण येतं, आणि ते बरोबरच आहे. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी मदतीचा हात पुढे केला, १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण उभं राहिलं. सुनंदा आणि अनिल अवचटांचं हे काम डोंगराएवढं आहे. पण आपल्याला ती गोष्ट का आवडते ते बघा. तिच्यात माणूस शेवटी नशा सोडतो, घरी परत जातो, आई रडते. गोष्ट पुरी होते. सुई घेणारं पोरगं अजून गोष्टीच्या मध्यात आहे. ते आज सोडणार नाहीये. कदाचित पुढच्या वर्षी सोडेल, कदाचित तीनदा सोडून चौथ्यांदा सोडेल. प्रश्न एवढाच आहे, की तोपर्यंत ते जिवंत आणि निरोगी राहावं असं आपल्याला वाटतं की नाही.

शिवाय टाकणार कुठे? त्याच २०१९ च्या सर्वेक्षणात म्हटलंय, की बेकायदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्यांपैकी दर २० जणांत एकालाच कधीतरी भरती होऊन उपचार मिळालेत. आणि जबरदस्तीने कोंडून नशा तोडली तर शरीराची सवय मोडते, बाहेर आल्यावर तो माणूस जुन्याच मापाने टोचून घेतो आणि ओव्हरडोसने जातो. उलट, रोज सुई द्यायला येणाऱ्या माणसाशी ओळख झाली, की त्याच्याच सांगण्यावरून पोरं तपासणीला जातात, ब्युप्रेनॉर्फिनची जिभेखाली ठेवायची गोळी घ्यायला केंद्रावर येतात आणि सुई सुटते. ज्यांना व्यसनमुक्तीची एवढी तळमळ आहे त्यांनी हे समजून घ्यावं, की पुलाखालून व्यसनमुक्ती केंद्राकडे जाणारा रस्ता ह्या सुयांच्या पिशवीवरूनच जातो.

चार. 'करा काय ते, पण आमच्या भागात नको.' मग कुठे? जिथे माणसं आहेत तिथेच हे काम होऊ शकतं. आपण वायफायचा राउटर दुसऱ्याच्या घरात लावून आपल्या घरात सिग्नल येत नाही म्हणून ओरडतो का?

एक गंमत सांगतो. जगातला सुया बदलून देण्याचा पहिला संघटित कार्यक्रम १९८४ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅममध्ये सुरू झाला, आणि तो सुरू केला नशा करणाऱ्यांच्याच संघटनेने. हेपटायटिस बी पसरत होता, आणि एका औषधविक्रेत्याने त्यांना सिरिंजा विकायचं बंद केलं होतं. स्वतःच्या जिवाची काळजी ह्या लोकांना नसते, असं निवेदनात एके ठिकाणी लिहिलंय. इतिहास तसं म्हणत नाही. (आणि हो, निवेदनभर जो 'गर्दुल्ले' शब्द पेरलाय, त्याबद्दल. एकदा माणसाला गर्दुल्ला म्हटलं की तो कचऱ्यात जमा होतो आणि मग त्याची 'साफसफाई' करणं सोपं जातं. शब्द बदला, निम्मा लेख लिहायची गरजच पडणार नाही.)

आता जरा आपल्या घरात डोकावू. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासाप्रमाणे भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण आहेत. सगळे इन्सुलिन घेत नाहीत, पण जे घेतात त्यांचा हिशोब करा. दिवसाला दोनदा टोचलं तर वर्षाला सातशेच्या वर टोचण्या. ह्या सुया जातात कुठे? तुमच्या सोसायटीतल्या सुया कुठे जातात ते मी सांगतो: स्वयंपाकघरातल्या डब्यात, भाजीच्या देठांबरोबर. तिथून त्या जातात कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या हातात. पुण्यात 'स्वच्छ'च्या कचरावेचक बायका असोत, मुंबईत कंत्राटी सफाई कामगार असोत, ह्यांच्या बोटांना ज्या सुया टोचतात, त्यातल्या कितीतरी पुलाखालून आलेल्या नसतात. त्या सातव्या मजल्यावरून आलेल्या असतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातल्या वापरलेल्या सुया-सिरिंजांना 'घरगुती घातक कचरा' ठरवून त्या वेगळ्या द्यायला सांगितलं होतं. सह्या करणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरी वेगळा डबा आहे?

आमच्याकडे बाबा इन्सुलिन घेतात. कपड्याच्या लिक्विड साबणाची जाड रिकामी बाटली, तिच्यावर मार्करने 'सुया, उघडू नये' असं लिहिलेलं, आणि भरली की झाकणाला चिकटपट्टी लावून ओळखीच्या दवाखान्यात त्यांच्या धारदार कचऱ्याबरोबर द्यायची, त्यांना आधी विचारून. एवढंच. खर्च शून्य. पुलाखालच्या पोराकडून आपण जी शिस्त मागतोय, ती ज्यांच्याकडे फ्लॅट, फ्रिज आणि दोन कामवाल्या आहेत त्यांनी आधी पाळून दाखवावी. ते पोरगं निदान कुणी डबा घेऊन आलं तर त्यात सुई टाकतं.

राहता राहिला कायदा. निवेदनात 'बेकायदेशीर कृत्य' असा जाड अक्षरात उल्लेख आहे. साफ खोटं. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याचं २२ वं कलम सांगतं, की एचआयव्हीचा धोका कमी करण्यासाठी केलेले उपाय हा गुन्हा नाही आणि त्यांना आडकाठी करता येणार नाही. स्वच्छ सुया-सिरिंजा पुरवणं त्यात येतं. म्हणजे वॉर्ड ऑफिसकडे आपण जी मागणी करतोय, तीच कायद्याच्या विरोधात आहे.

मागायचंच असेल तर मागण्यासारखं बरंच आहे. सुया गोळा करणारी माणसं वाढवा. पहाटे आणि रात्री उशिरा, जेव्हा खरी गरज असते, तेव्हाही फेरी होऊ द्या. जिथे वर्षानुवर्षं लोक बसतात तिथे सुया टाकायला कुलूपबंद डबा लावा. सुया घेऊन फिरणाऱ्या कार्यकर्त्याला आणि डब्यात सुई टाकायला आलेल्या पोराला पकडू नका, असं चौकीवर सांगा. घरातल्या सुया वेगळ्या गोळा करा. आणि सफाई कामगारांना जाड हातमोजे आणि हेपटायटिस बी ची लस द्या, कंत्राटी असले तरी. ह्यातली एकही मागणी खर्चिक नाही, आणि प्रत्येकीने आपली मुलं ज्या बागेत खेळतात ती बाग आजच्यापेक्षा सुरक्षित होईल.

तोवर रस्त्यात सुई दिसलीच तर हाताने उचलू नका आणि तिला टोपण लावायच्या भानगडीत पडू नका, त्यातच सगळ्यात जास्त टोचतं. चिमट्याने उचलून जाड बाटलीत टाका. बाटली सुईजवळ न्यायची, सुई हवेत धरून बाटलीपर्यंत न्यायची नाही. टोचलीच तर घाबरून जाऊ नका. बाधित रक्ताची सुई टोचून एचआयव्ही होण्याचं प्रमाण हॉस्पिटलातल्या अनुभवावरून ०.३ टक्क्याच्या आसपास आहे, आणि हेपटायटिस बी चा धोका त्याहून खूप जास्त आहे, म्हणून लस घेऊन ठेवा. जखम पिळायची नाही, तोंडात घालायची नाही. साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि लगेच, शक्य तर दोन तासांत, सरकारी हॉस्पिटल गाठायचं. प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. काही विचारायचं असेल तर नॅकोची १०९७ ही हेल्पलाइन फुकट आहे. आणि बागेत जमिनीवर दहा-बारा सुया एकदम दिसल्या, तर पोलिसांना फोन करण्याआधी त्या भागात काम करणाऱ्या संस्थेला करा. ते डबा घेऊन येतील.